शिकलगारांच्या घरातून चाकूंची आयात

मिरजेतली सतारी करणारी घराणी आणि आमचं घर मूळचं एकाच कामातलं, शिकलगारीतलं. संस्थानाच्या तलवारी, कट्यारी, भाले यांची पाती घासून लखलखीत ठेवायची, धार लावायची, सैल झालेल्या मुठी लाखेनं पुन्हा बसवायच्या. संस्थानी फौजा संपत गेल्या तसं हे काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी भोपळा हातात घेऊन सतार केली, आणि त्यांच्या मागून शिकलगारांची बरीच घरं तंतुवाद्यांकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची सुरुवात या रिकाम्या झालेल्या हातांतून झालेली आहे. आमचं घर मात्र धारेलाच चिकटून राहिलं. ‘आपल्या घरात कुणाला सूर कळत नव्हता,’ असं दादी म्हणायची. दादांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, म्हणणं वेगळं होतं. सतार माणूस आयुष्यात एकदा घेतो, कात्री दर महिन्याला बोथट होते.

आज मी मिरजेतून जपानी चाकू, कलमाचे चाकू, छाटणीच्या कात्र्या आणि धारेचे दगड आयात करते. धंदा लहान आहे. घरातली माणसं आणि दोन कारागीर, एवढाच कारभार. सांगली-कोल्हापूरकडची बी.कॉम., बीबीए झालेली मुलंमुली विचारत असतात की आयातीचा धंदा कसा सुरू करायचा. त्यांना परवान्यांची यादी हवी असते. ती पुढे येईलच, पण तो यातला सोपा भाग आहे. परदेशी माल मागवणं आणि तो माल वर्षानुवर्षं कापता ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं येत नसेल तर पहिल्यात पैसे अडकतात. आमच्या घराचा इतिहास सांगायचा तो एवढ्यासाठीच.

घरात सांगतात त्याप्रमाणे बाहेरून माल मागवण्याची सुरुवात दवाखान्यामुळे झाली. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि दक्षिण महाराष्ट्रातून, कर्नाटकातून लोक ऑपरेशनला इथं यायला लागले. ऑपरेशनच्या कात्र्या-सुऱ्या विलायतेतून येत. बोथट झाल्या की परत विलायतेला पाठवणं कुणाला परवडणार? त्या पणजोबांकडे धारेला यायला लागल्या. तिकडे पंजाबात सियालकोटला असंच झालं होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. तिथल्या मिशन हॉस्पिटलची उपकरणं दुरुस्त करता करता लोहार नवी बनवायला लागले, आणि आज सियालकोट जगभर शस्त्रक्रियेची उपकरणं पाठवतं. मिरजेत तसं झालं नाही, कारण पणजोबांना घडाई येत नव्हती, धार येत होती. मग त्यांनी घडलेला माल बाहेरून आणायला सुरुवात केली. कात्र्या मेरठच्या, चाकू वजीराबादचे, आणि ज्याला परवडेल त्याच्यासाठी मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून इंग्लंडातल्या शेफिल्डचे. आलेला माल जसाच्या तसा विकायचा नाही हा दंडक तेव्हाचा. प्रत्येक पातं आपल्या चाकावर एकदा फिरवायचं, मगच दुकानात लावायचं. चाकही घरचंच असायचं, कुरुंदाची पूड लाखेत घोटून केलेलं.

१९४७ साली वजीराबाद दुसऱ्या देशात गेलं. शेफिल्डचा माल आयात परवान्यात अडकला. १९५०च्या दशकात परकीय चलनाची ओढाताण झाल्यावर चाकू-कात्रीसारख्या मालासाठी लहान दुकानदाराला परवाना मिळणं जवळपास संपलंच. यानंतरचा काळ आमच्याकडे जरा आवाज खाली आणून सांगितला जातो. सलूनवाल्यांना झोलिंगेनचा वस्तरा हवा असायचा, आणि दादा तो मुंबईला जाऊन मुसाफिरखान्याच्या चोरबाजारी गल्लीतून आणायचे. माल कुठल्या वाटेनं आला हे विकणारा सांगत नसे, घेणारा विचारत नसे. पावती नाही, हमी नाही. जर्मनीत ‘झोलिंगेन’ हे नाव १९३८पासून कायद्यानं राखलेलं आहे, पण मुंबईच्या गल्लीत तो शिक्का कुणीही कशावरही मारत असे. दादा पातं टिचकीनं वाजवून बघायचे, नखावर धार टेकवून बघायचे, आणि ढिगातून मोजकेच वस्तरे उचलायचे. हा काळ अभिमानानं सांगण्यासारखा नाही. पण पुरवठादार बोलेल ते ऐकायचं नाही, पातं काय सांगतं ते बघायचं, ही घराची सवय त्याच काळात पक्की झाली.

वस्तऱ्यांचं काम नव्वदच्या दशकात बसलं. एचआयव्हीच्या भीतीनं सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले. एक डोकं झालं की ब्लेड फेकायचं. त्याच सुमाराला आयात खुली होत गेली आणि १ एप्रिल २००१ला ग्राहकोपयोगी मालावरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंधही उठले. अब्बांना वाटलं, आता शेफिल्ड परत येणार. आला तो वीस-तीस रुपयांचा चिनी दातेरी चाकू. विळी पाजवायलाही जवळपास तेवढेच पैसे पडतात, मग नवा चाकू का घेऊ नये, हा बायकांचा हिशेब बरोबरच होता. दुकानात शिंपी, खाटीक आणि तासगावकडचे द्राक्षबागायतदार एवढे उरले.

या बागायतदारांनीच आम्हाला जपानला नेलं.

आमच्याकडे क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यांमुळे द्राक्षवेल डॉगरिज या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, चढवायची पद्धत रुजली. खुंट आधी लावायचा, वाढवायचा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर थॉमसन किंवा तास-ए-गणेश या खायच्या द्राक्षाच्या जातीची काडी पाचर पद्धतीनं बांधायची. काडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप द्यावा लागतो, तोही एका ओढीत. काप ओबडधोबड आला, साल चेंबली, की खुंट आणि काडी नीट जुळत नाहीत आणि कलम वाळतं. कलमं बांधणाऱ्या टोळ्या गावोगाव फिरतात, आणि त्यातला प्रत्येक माणूस धारेच्या बाबतीत हट्टी असतो. असाच एक बागायतदार जपानच्या दौऱ्यावरून कलमाचा चाकू घेऊन आला आणि अब्बांकडे धारेला टाकून गेला. एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं उतार. मऊ लोखंडावर कडक पोलादाची पातळ पट्टी तापवून जोडलेली. आपल्याकडे लोहार कुऱ्हाडीला पोलाद भरतात तीच रीत, फक्त कागदासारख्या जाडीत. सपाट बाजू किंचित पोकळ, म्हणजे दगडावर फक्त कडा टेकतात आणि धार झटकन निघते. अब्बांनी तो चाकू परत करायला मुद्दाम उशीर लावला, आणि मला फोन करून सांगितलं, हा कुठं मिळतो शोध.

मी तेव्हा नवी मुंबईत होते. आता नव्यांसाठी खरी कामाची गोष्ट इथून.

सांगलीत बी.कॉम. करून मी एका कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे आयातदाराच्या वतीनं कस्टमची कागदपत्रं करणाऱ्याच्या, ऑफिसात लागले. लोक अजून सीएचए म्हणतात. आधी एच कार्ड, म्हणजे कस्टमच्या आवारात ये-जा करायचा परवाना. त्यानंतर परीक्षा देऊन जी कार्ड, म्हणजे ब्रोकरच्या वतीनं कागदांवर सही करायचा परवाना. पगार बेताचा होता आणि पळापळ भरपूर. न्हावा-शेवा आणि सहारचं एअर कार्गो यांमध्ये दिवस जायचा. तरी आयातीत यायचं असेल त्यानं हे काम काही काळ करावंच, असं माझं ठाम मत आहे. ‘आयात-निर्यात व्यवस्थापन’ नावाचे महागडे वीकेंड कोर्स असतात. त्यांत बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आलेल्या मालासाठी कस्टमकडे भरायच्या कागदाचा, नमुना दाखवतात. ब्रोकरच्या ऑफिसात ती बिल ऑफ एंट्री कशामुळे अडकते आणि सुटते कशी, ते दिसतं.

वर्गीकरणाचंच घ्या. अननुभवी माणसाला कात्री आणि चाकू एकाच घरातले वाटतात. कस्टमच्या लेखी द्राक्षाची एका हातानं चालवायची छाटणी कात्री दरसूचीतल्या शीर्षक ८२०१मध्ये, शेतीच्या हातअवजारांत बसते, आणि त्यावर जीएसटी शून्य आहे. कलमाचा चाकू त्याच बागेत, त्याच माणसाच्या खिशात असतो, पण तो ८२११मध्ये जातो, कारण त्या शीर्षकातच छाटणीच्या चाकूंचा उल्लेख आहे. शिंप्याची कात्री ८२१३. हाताचा धारेचा दगड ६८०४. चाकूंवरचा जीएसटी जुलै २०२२मध्ये १२वरून १८ टक्के झाला. दर बदलत राहतात, म्हणून खेप निघण्याआधी चालू दर बघायचाच. पण कुठली वस्तू कुठल्या शीर्षकात बसते हे आयातदाराला स्वतःला कळलं पाहिजे. ब्रोकर सही करतो, दंड आपल्या नावावर येतो.

जपानात चाकू बनवणारी गावं बरीच आहेत, आणि नवा माणूस इंटरनेटवर बघून सगळ्यांना एकाच मापानं मोजतो. ओसाकाजवळचं साकाई हे जुनं केंद्र. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू आली आणि ती बारीक कातरायचे चाकू साकाईत व्हायला लागले. पुढे शोगुनांच्या राजवटीत त्यांना खास शिक्का मिळाला. आजही जपानी हॉटेलांतले मासे कापायचे एकधारी चाकू म्हटलं की साकाईच. फुकुई प्रांतातलं एचिझेन विळे-कोयत्यांसाठी वाढलं आणि आता तिथं स्वयंपाकघराचे सुरेख चाकू होतात. गिफू प्रांतातलं सेकी पूर्वी तलवारींचं गाव होतं, आता तिथं मोठे कारखाने आहेत आणि मोठ्या संख्येनं एकसारखा माल मिळतो. कलमाच्या चाकूंसाठी आणि सुतारी हत्यारांसाठी ह्योगो प्रांतातलं मिकी बघावं. आणखी एक गोष्ट आमच्या घरात फार बोलली जाते. जपानात १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारीवर जगणाऱ्यांना दुसरं काम शोधावं लागलं. इकडे इंग्रजांचा हत्यार कायदा १८७८चा. दादांना हे कुणीतरी सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, ‘म्हणजे ते आपले भाऊबंदच.’

साकाईत माल एका छताखाली होत नाही. पातं ठोकणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि सगळ्यांना जोडणारा घाऊक व्यापारी वेगळा. ऑर्डर त्या व्यापाऱ्याकडे द्यायची असते. थेट लोहाराला गाठून स्वस्तात घेऊ, असं डोक्यात असेल तर काढून टाका. लोहार तयार झाला तरी धारेची रांग व्यापाऱ्याच्या हातात असते. अब्बांना मी तिकडे घेऊन गेले तेव्हा धार काढणाऱ्याच्या कामाच्या जागी ते बराच वेळ उभे होते. पाण्यात फिरणारं मोठं दगडी चाक, लाकडी पकडीत बसवलेलं पातं, आणि त्यावर शरीराचा भार टाकून बसलेला कारागीर. मला वाटलं, आता ते तंत्राबद्दल काही विचारतील. त्यांनी दुभाष्याला विचारलं, ‘परत आलेल्या मालाचं तुम्ही काय करता?’ समोरचा व्यापारी हसला, आणि त्या दिवशीची खरी बोलणी तिथून सुरू झाली. कुठली तक्रार कारखान्याची, कुठली गिऱ्हाइकाची, टवका किती मोठा असेल तर पातं परत घ्यायचं, पाठवायचा खर्च कुणाचा. हे सगळं पहिल्या ऑर्डरच्या आधी लिहून घ्या. भावात घासाघीस करून मिळतात त्यापेक्षा जास्त पैसे इथं वाचतात.

पोलादाबद्दल थोडं. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या पोलादाला ‘पांढरा कागद’, ‘निळा कागद’ अशी नावं आहेत. ती वेष्टनाच्या कागदाची, धातूच्या रंगाची नव्हेत. पांढरं म्हणजे साधं कार्बन पोलाद. दगडावर फार लवकर धार घेतं आणि तितक्याच लवकर गंजतं. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन मिसळलेलं असतं, त्यामुळे धार जास्त टिकते, पण गंज त्यालाही चुकत नाही. नव्या आयातदारानं पहिल्या खेपेत या दोन्हींचा मोह टाळावा. आपल्या स्वयंपाकघरात चिंच, लिंबू, कोकम, कांदा यांना तोटा नाही, आणि कोकणात-गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ओलसर हवा. कार्बन पोलादाचा चाकू चिरून झाल्यावर लगेच पुसायला लागतो, हे दहातल्या दोघांनाच जमतं. हॉटेलातले शेफ ते करतात, घरी होत नाही. घरगुती गिऱ्हाइकाला व्हीजी-१० किंवा तशाच गंजरोधक पोलादाचा, दोन्ही अंगांनी धार असलेला १६५-१८० मि.मी.चा सांतोकू, म्हणजे सगळ्या घरगुती कामांचा जपानी चाकू, द्यावा. मासे कापायचा लांब एकधारी यानागिबा दिसायला देखणा, फोटोत उत्तम, आणि आपल्याकडे दुकानात पडून राहणारा.

कडकपणाही समजून घ्या. जर्मन चाकू रॉकवेल मापावर साधारण ५६-५८ असतात, जपानी ६० किंवा वर. जितकं कडक तितकी बारीक धार टिकते, आणि तितकं ठिसूळ. कोल्हापूरच्या मटणाच्या दुकानात ओंडक्यावर नळी तोडायला सत्तूर लागतो, तिथं जपानी चाकू विकायला जाऊ नये. त्याच दुकानात मांस सोडवायला, चरबी काढायला मात्र तो खूप चालतो. खाटकाला हा फरक सांगावा लागत नाही, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो. सांगावा लागतो तो नारळाच्या भेगेत टोक घालून फोडणाऱ्या हौशी स्वयंपाक्याला. आमच्या प्रत्येक खोक्यात मराठीत एक चिठ्ठी असते. हाड नको, नारळ नको, गोठलेला माल नको, काचेच्या पाटावर नको, डिशवॉशर नको.

आता कागद. डीजीएफटीकडून, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाकडून, आयईसी म्हणजे आयातदाराचा क्रमांक घ्यायचा. तो ऑनलाइन मिळतो, हल्ली आपला पॅनच आयईसी असतो, आणि दर वर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती तपासून अद्ययावत करावी लागते. काही बदल नसला तरी. तो राहिला की क्रमांक निष्क्रिय होतो आणि माल बंदरात उभा राहतो. जीएसटी नोंदणी हवी, आणि परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेत चालू खातं. जपानी व्यापारी नव्या गिऱ्हाइकाकडून बहुतेकदा आगाऊ पैसे मागतात. बँकेतून पैसे गेले की आयातीच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत त्याची नोंद होते, आणि ठरलेल्या मुदतीत माल येऊन बिल ऑफ एंट्री त्या पैशांशी जुळवावी लागते. ती जुळवणी आपणहून करून घ्या, कारण जुनी नोंद उघडी राहिली तर पुढच्या खेपेचे पैसे अडतात.

मापनशास्त्र कायद्याखालची नोंदणी अनेकांना माहीतच नसते. पाकीटबंद माल आयात करून विकायचा तर २०११च्या नियमांप्रमाणे आयातदार म्हणून नोंदणी आणि प्रत्येक पाकिटावर आपलं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, मूळ देश, महिना-वर्ष, सगळ्या करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. जपानी खोकं कितीही सुंदर असलं तरी त्यावर हे लेबल लागतंच. माल लाकडी खोक्यातून येणार असेल तर त्या लाकडावर प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का असल्याची आधी खात्री करा. आम्ही पुठ्ठ्याचीच खोकी मागतो.

भाव काढताना चुकतात ते इथं. समजा माल, विमान भाडं आणि विमा मिळून कस्टमनं धरलेली किंमत १,००,००० रुपये आली. मूळ सीमाशुल्क हिशेबासाठी १० टक्के धरू, म्हणजे १०,०००. त्यावर समाजकल्याण अधिभार शुल्काच्या १० टक्के, म्हणजे १,०००. झाले १,११,०००. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, १९,९८०. एकूण १,३०,९८०. यातला आयजीएसटी पुढे विक्रीच्या करात वळता होतो, पण आधी रोख भरावा लागतो, आणि चाकू हळूहळू विकले जातात. मधल्या काळात ते पैसे आपले नसतात. विमा आणि भाड्याची कागदपत्रं जोडली नाहीत तर कस्टम विमा मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के आणि भाडं २० टक्के धरतं, म्हणून खरी पावती कमी असेल तर ती जोडाच. भारत-जपान आर्थिक भागीदारी करार १ ऑगस्ट २०११पासून लागू आहे. आपली वस्तू त्यातल्या कुठल्या यादीत येते ते बघून पुरवठादाराकडून उत्पत्तीचा दाखला मागवायचा. २०२०पासून नुसता दाखला पुरत नाही. माल खरोखर तिथं बनला आहे, याची माहिती आयातदारानं स्वतःकडे ठेवायची असते. इथं आमच्या वाडवडिलांची सवय उपयोगी पडली. पातं कुठं ठोकलं, धार कुणी काढली, मूठ कुठली, हे आम्ही तसंही विचारतोच.

येन खाली-वर होत असतो. २०२२पासून तो बराच घसरला आणि अनेकांना या धंद्यात उतरायची हिंमत झाली. त्या भावावर घराचा खर्च बेतू नका.

हत्यार कायद्याची भीती सगळ्यांनाच असते, आणि थोडी असावी. नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू हत्यारांत येतात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. २४० मि.मी.चा शेफचा चाकू नऊ इंचांच्या थोडा वर जातो. म्हणून इन्व्हॉइसवर नुसतं ‘चाकू’ नको, स्वयंपाकघराचा की कलमाचा ते स्पष्ट हवं, आणि सोबत चित्रांचा कॅटलॉग. निवडणुका, सण यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत प्रदर्शनाला माल नेताना खोकी बंद ठेवा आणि बिलं जवळ ठेवा. शोभेच्या तलवारी, खंजीर, बटणाचे चाकू आम्ही ठेवत नाही. माझ्या चुलतभावाला यात खूप पैसा दिसतो, आणि तो चुकीचं सांगत नाही. पण कुरिअरनं तलवारी मागवल्याच्या बातम्या आल्या की पोलीस आधी शिकलगार आडनावाच्या दुकानात येतात. अब्बांनी हा विषय घरात बंद केला आहे.

राहता राहिली धार. आयात सुरू करायच्या आधी १००० नंबरचा एक पाण्याचा दगड घ्या आणि घरातले, शेजारचे, मामा-मावशीचे चाकू लावा. एक अंग घासत राहायचं, दुसऱ्या अंगाला बोटाला धातूची बारीक कड लागेपर्यंत. मग बाजू बदलायची, आणि शेवटी हलक्या हातानं ती कड काढून टाकायची. एवढंच आहे, आणि एवढं यायला वेळ लागतो. दगड मधे खोलगट झाला की तोही घासून सपाट करावा लागतो. हे आलं की तुम्हाला पुरवठादाराचा नमुना बघता येतो, गिऱ्हाइकाची तक्रार समजते, आणि विकलेला चाकू पुन्हा तुमच्याच दुकानात येतो. आम्ही पहिली धार फुकट करून देतो, पुढच्या धारेचे पैसे घेतो. वर्षाच्या शेवटी हिशेब मांडला की दुकानाचं भाडं आणि कारागिरांचे पगार धारेतून निघालेले असतात. चाकूंच्या विक्रीचा नफा पुढच्या खेपेत जातो. ज्यांच्याकडे धार नाही त्यांना दोन्ही खर्च विक्रीतूनच काढावे लागतात, मग ते किमती वाढवतात, मग सवलती देतात, आणि एक दिवस सगळा माल निम्म्या भावात काढतात. असे दोघेतिघे मी पुण्यात पाहिले. त्यांचा उरलेला माल आम्हीच घेतला, चांगला होता.

धार शिकवणारा शोधायचा तर जवळच्या बाजारात सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्याला गाठा. तो ग्राइंडरवर पातं तापवत असेल तर बघून घ्या काय करायचं नाही, पण कोन धरायचा हात त्याच्याकडे असतो. मुलींना सांगते, या कामात ताकद लागत नाही. आमच्याकडे मुठी बसवायचं आणि वस्तऱ्यांची शेवटची चामड्यावरची धार काढायचं काम दादीकडेच होतं. दुकानाच्या पाटीवर तिचं नाव कधी आलं नाही. आयईसी माझ्या नावावर आहे.

वेळापत्रक बागेप्रमाणे ठेवा. कलमाचे चाकू जुलैअखेर हातात हवेत, म्हणजे ऑर्डर मार्चमध्ये जायला हवी. छाटणीच्या कात्र्या दोनदा लागतात, एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला. स्वयंपाकघराचे चाकू दिवाळीत भेट म्हणून जातात, आणि गोव्यातली हॉटेलं पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरात मागणी देतात. बकरी ईदच्या आधीचे दिवस फक्त धारेचे. त्या आठवड्यात मी बँकेत जात नाही, मेलला उत्तर देत नाही, घरातले सगळे चाकावर बसतात. सेकीच्या एका कारखान्यानं मोठी ऑर्डर घेतली तर भाव बराच खाली आणू असं कळवलं आहे. अब्बा म्हणतात, एवढी पाती महिन्याभरात आपल्या चाकावरून फिरणार नाहीत, तेव्हा नको. मी आणखी एक कारागीर ठेवायचा हिशेब करते आहे. कोटेशनची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.